एका स्वेटरला किती मेंढ्या?

ताई, सा. न. वि. वि.

माझं वय ५४. दोन वर्षांपूर्वी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. यजमान येत्या मार्चमध्ये निवृत्त होतील. मुलगा-सून बंगळुरूला असतात, सुनेला पाचवा महिना आहे. सातवीत शिवणाच्या बाईंनी हातात सुया दिल्या, तेव्हापासून मी विणतेय. लोकलमध्ये उभ्यानं विणलंय, बँकेच्या संपात गेटवर बसून विणलंय. हल्ली दुपारी मोबाइलवर परदेशातल्या बायकांचे व्हिडिओ बघत असते. टेकडीवर घर, खिडकीबाहेर पाऊस, अंगणात मेंढ्या आणि चरख्यावर स्वतःच्याच मेंढीची लोकर. मला तसं जगायचंय. मुळशीकडे एका एजंटानं २० गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट दाखवलाय, तिथून तळं दिसतं. डोंबिवलीचा फ्लॅट विकून तो घ्यायचा, दहा-पंधरा मेंढ्या पाळायच्या आणि त्यांच्या लोकरीचे स्वेटर विणून विकायचे, असं मनात आहे. आम्ही शेतकरी नाही, सासरे गिरणीत होते. पण दाखल्याचं एजंट बघणार आहे. (माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. मी १९९९ मध्ये हक्कसोडपत्रावर सही केली. भाऊ आता सांगलीत राहतात, गावातलं घर कुलूप लावून पडून आहे.) लहानपणी आमच्या रानात धनगर खतासाठी मेंढ्या बसवायला यायचे. आजी त्यांच्याकडून घेतलेली काळी घोंगडी पांघरायची. तो वास अजून नाकात आहे. यजमान म्हणतात, "तुझी हौस आहे तर कर." बहीण म्हणते, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. दसऱ्याला टोकन द्यायचं ठरलंय. काय करू?

एक टाका सुटलेली, डोंबिवली

टाका सुटलेल्या ताई,

आधी टोकनचं बोलू, कारण दसरा तोंडावर आहे. टोकन देऊ नका. बाकीचं उत्तर चहा घेऊन सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच एजंटाला कळवून टाका.

महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याचं कलम ६३ हेच सांगतं. शेतकरी नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. "दाखल्याचं आम्ही बघतो" या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: कुठल्या तरी लांबच्या तालुक्यातल्या सातबाऱ्यावर तुमचं नाव असल्याचा कागद तयार होणार. तो कागद खोटा निघाला की याच कायद्याच्या कलम ८४-क खाली व्यवहार अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. एजंट तोवर दुसऱ्या तळ्याकाठी गेलेला असतो. तीस वर्षं तुम्ही लोकांच्या कर्जाची कागदपत्रं उलटसुलट करून तपासली असतील. समोर कुणी असा दाखला ठेवला असता तर तुम्ही शिक्का मारला असता का?

समजा दाखल्याची अडचण उद्या सुटली, तरी सातबारा स्वतः काढून बघा. तुमच्या २० गुंठ्यांचा स्वतंत्र सातबारा आहे, की दहा-बारा अनोळखी माणसांबरोबर सामाईक? पोटहिश्श्याची मोजणी झाली आहे का? 'इतर हक्कां'च्या रकान्यात बोजा, कूळ असं काही आहे का? भोगवटादार वर्ग १ (विक्रीला मोकळी) की वर्ग २ (विक्रीवर बंधनं असलेली)? आणि प्लॉटपर्यंत जाणारा रस्ता कागदावर आहे, की शेजाऱ्याशी बरं आहे तोवरच आहे? बिनशेती झालेला प्लॉट कुणालाही घेता येतो, पण त्याचे भाव वेगळे. शिवाय तिथं शनिवार-रविवार पोहायला येणारी मंडळी पंधरा मेंढ्यांच्या लेंड्यांचा वास कितपत सहन करतील, याची मला शंका आहे.

त्या तळ्याबद्दलही एक सांगायचंय. ते तळं म्हणजे धरणाचं पाणी. तिथल्या मावळ्यांच्या जमिनी त्यात जाणार म्हणून १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. 'लेक व्ह्यू' असं ब्रोशरमध्ये वाचलं की मला ते पाण्याखालचे बांध आठवतात. प्लॉट न घ्यायला हे कारण पुरेसं नाही, हे मलाही कळतं. पण मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता खरं कारण. कागद, पैसे, तळं सगळं बाजूला ठेवलं तरी तुमच्या बेतात एक गोष्ट बसतच नाही: मुळशीत मेंढी टिकत नाही. तिथं घाटमाथ्याला पाऊस हजारो मिलिमीटरनं पडतो, चार महिने जमीन वाळत नाही. आपली दख्खनी मेंढी ही कोरड्या माळावरची. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, कवठेमहांकाळ, जिथं वर्षाला पाचशेच्या आतबाहेर पाऊस पडतो आणि कुसळी गवत उगवतं, ते तिचं घर. सततच्या ओलीत तिचे खूर कुजतात. दलदलीत गोगलगायी होतात, त्यांच्यामुळे गवतातून तिच्या पोटात पर्णकृमी जातात आणि यकृत पोखरतात. धनगरांचे वाडे, म्हणजे कळप-बिऱ्हाडासह फिरणारे तांडे, दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत घाट चढून परत येतात ते काय उगीच? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या त्या वाटा म्हणजे पावसाचं वेळापत्रकच. तुम्ही व्हिडिओत बघता तो खिडकीबाहेरचा रिमझिम पाऊस दुसऱ्या देशातला, मेंढीही दुसऱ्या जातीची. खिडकीबाहेर मुळशीचा पाऊस आणि अंगणात दख्खनी मेंढी, हे एका चित्रात मावत नाही. पाऊस हवा की मेंढी, एवढं आधी ठरवा.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये. २०११ च्या जूनपासून २०१२ च्या डिसेंबरपर्यंत, दीड वर्ष मी माण तालुक्यातल्या एका गावात भाड्याच्या घरात काढलं. कारण तुमच्यासारखंच होतं, फक्त तेव्हा माझ्यासमोर व्हिडिओ नव्हते, मासिकातला एक फोटो होता. गावात गेल्या गेल्या दोन मेंढ्या घेतल्या. पहिल्या पावसानंतर माळावर लुसलुशीत गवत आलं. मेंढ्या अधाशासारख्या खाताहेत आणि मी ओट्यावर बसून कौतुकानं बघतेय. चौथ्या दिवशी सकाळी एक मेंढी पाय ताठ करून पडली होती. आंत्रविषार. त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची असते, गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. मला नव्हतं. शेजारच्या वाड्यातल्या धनगर आजी आल्या, मेंढीच्या पोटावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "बाई, तुमी तिला पाळली न्हाई, नुसती बघितली."

उरलेल्या मेंढीची दिवाळीआधी कातरणी झाली. हा भाग तुमच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण तुमचं सगळं स्वप्न इथं येऊन थांबतं.

चारही पाय बांधून तिला आडवी पाडली. कातरणाऱ्याच्या हातात भलीमोठी कात्री, पोटापासून सुरुवात. लोकर सुटी होऊन पडत नाही, गोधडी उलगडावी तशी अखंड निघते. आतून काळीभोर, वरून उन्हानं तांबूस पडलेली. माझे हात तुपात बुडवल्यासारखे झाले. लोकरीचं ते अंगचं मेण. वास तोच, तुमच्या आजीच्या घोंगडीचा. सगळी मिळून भरली ३२० ग्रॅम. त्यात कुसळं, गोखरू, लेंड्या आणि माण तालुक्याची मूठभर माती. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवली. चोळायची नाही, चोळली की तंतू एकमेकांना धरतात आणि त्याचा नमदा होतो. (पहिला घाणा माझा नमदाच झाला.) तीन पाण्यांनंतर वाळवून पुन्हा तोलली तर २०० ग्रॅमच्या आसपास. मग कुसळं वेचली. ताई, कुसळं वेचायला मला नऊ दुपारी लागल्या. आजींनी पिंजून दिली, टकळीवर कातायला शिकवलं. त्यांच्या हातून सूत निघायचं, माझ्या हातून शेवया.

तुम्हाला हिशेब कळतो. मोठ्या माणसाच्या एका स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम लोकर लागते. दख्खनी मेंढी वर्षाकाठी दोन कातरण्यांत अर्धा किलो, जास्तीत जास्त पाऊण किलोपर्यंत लोकर देते, तीही न धुतलेली. धुऊन, पिंजून, कातून हातात उरतं त्यातून एका मेंढीमागे वर्षाला एक स्वेटर जेमतेम, बहुधा एक बाही कमीच. पंधरा मेंढ्यांमागे वर्षभर फिरून बारा-तेरा स्वेटर. आणि ते स्वेटर घालणार कोण? मेरिनोचा तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉनचा असतो. दख्खनीचा त्याच्या दीडपट-दुप्पट जाड, मध्ये केसांसारखे राठ तंतू. मी त्या सुताची कानटोपी विणली होती. भाच्याने पाच मिनिटं घातली आणि दिवसभर कान खाजवत बसला.

ही लोकर वाईट नाही, ती वेगळ्या कामाची आहे. खड्ड्याच्या मागावर बसून, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून सणगर तिची घोंगडी विणतात, आणि त्या घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन माणूस भर पावसात मेंढरामागं उभा राहू शकतो. ती जाड, राठ, मेणचट असते म्हणूनच पाणी अडवते. तान्ह्या बाळाच्या टोपड्याला नेमकं याच्या उलट लागतं.

हे लिहिताना एक सुचलं. तुमच्या विणकामाच्या पिशवीतल्या सगळ्यात आवडत्या गुंडीचा बोटभर धागा तोडा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरगळेल अशी राख राहिली, तर ती लोकर. वितळून काळा टणक मणी झाला, तर ते ॲक्रिलिक. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गुंड्यांचा मणीच होतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, बाळाचे कपडे रोज धुवायचे तर ॲक्रिलिक सोयीचंच. मात्र चाळीस वर्षं ज्या धाग्यावर तुमचा हात बसलाय तो बहुधा मेंढीच्या अंगावरून आलेला नाही, एवढं ठाऊक असू द्या. विणकाम हे तुमचं खरं कसब आहे. मेंढी ही त्यात नंतर आलेली पाहुणी.

पाहुणी म्हणावी तर तिचा मुक्कामही सोपा नाही. मेंढीला रोज रानात न्यावं लागतं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दिवाळी असो की सुतक. २० गुंठ्यांतलं गवत पंधरा मेंढ्यांना किती दिवस पुरेल? पावसाळा सरला की जमीन उघडी. मग चारा विकत घ्या, नाहीतर गडी ठेवा, आणि पंधरा मेंढ्यांवर गड्याचा पगार निघत नाही. मी दुसऱ्या वर्षी होते तेव्हा, २०१२ मध्ये, पाऊसच आला नाही. गावाजवळ चारा छावणी लागली होती, तिथं गाई-म्हशी दावणीला, मेंढ्या मात्र नव्हत्या. आजींचा वाडा भाद्रपदातच कृष्णाकाठाकडं निघून गेला आणि मी माझी एक मेंढी त्यांच्या कळपात सोडून दिली. आता हे बघा: फेब्रुवारीच्या सुमाराला तुमची सून बाळंत होणार. तुम्ही बंगळुरूला जाणार, निदान दोन महिने. त्या दोन महिन्यांत मेंढ्यांना पाणी कोण दाखवणार, लांडग्या-बिबट्याचा आवाज आला तर बॅटरी घेऊन कोण उठणार? पत्रातल्या त्या चित्रात तुम्ही खिडकी लिहिली, चरखा लिहिला, मदतीला माणूस एकही लिहिलेला नाही.

आजींना मी एकदा विचारलं होतं, कातरलेल्या लोकरीचं काय करता. हसल्या. "काय करायचं? आदुगर सणगर दारात यायचा, घिऊन जायचा. आता कातरणाऱ्याला आपुनच पैसं द्यायचं आन् लोकर वड्याला टाकायची." ज्यांच्याकडे दोनशे मेंढ्या त्यांची ही स्थिती. त्यांचा संसार चालतो कोकरांच्या विक्रीवर आणि शेतात मेंढ्या बसवल्याच्या मोबदल्यावर. म्हणून तर जतकडची माडग्याळ मेंढी जिकडेतिकडे दिसते. अंगापिंडानं मोठी, मटणाला चांगली, लोकर नावाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनीत उतरवून 'नारी सुवर्णा' तयार केली. फार मोलाचं काम आहे ते, पण रोख बघा: जास्त कोकरं. मेंढपाळाला परवडतं त्यावरच संशोधन होणार. महाराष्ट्रात लोकरीसाठी मेंढी पाळणाऱ्या तुम्ही जवळजवळ एकट्या असाल.

स्वेटर विकण्याबद्दल थोडक्यात. समजा एका स्वेटरला साठ तास लागले, तो दोन हजारांना गेला आणि सातशेचा माल लागला. तासाला एकवीस-बावीस रुपये. डोंबिवलीत तुमच्याकडे येणाऱ्या पोळ्यावाल्या बाई याहून जास्त कमावतात, आणि त्यांना कुणी 'रंग जरा वेगळा हवा होता' म्हणून उसवायला लावत नाही. विकायचंच असेल तर तान्ह्या बाळाचे सेट विका. कमी लोकर, कमी तास आणि आजी होणाऱ्या बायका भाव करत नाहीत. मे महिन्यात घामेजल्या हातात गुंडी कशी चिकटते हे तुम्हाला सांगायला नको, तेव्हा वर्षातले चार महिने कामाचे धरा. संसार या कमाईवर उभा करू नका.

इतकं सगळं मोडून काढल्यावर तुम्हाला वाटेल, ही बाईही बहिणीच्याच बाजूची. तसं नाही. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात खरी ओळ कंसात सापडली.

गावातलं घर कुलूप लावून पडून आहे, असं तुम्ही लिहिलंत. तेही जाता जाता, हक्कसोडपत्राच्या मागोमाग, जणू त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही. आणि लगेच पुढे आजीची घोंगडी आली. ताई, तुम्हाला मुळशीचं तळं हवंय असं मला वाटतच नाही. तुम्हाला तो वास हवाय. तो तासगावच्या रानात आहे, जिथं आजही द्राक्षबागांना आणि उसाच्या रानाला खत म्हणून मेंढ्या बसवतात. कवठेमहांकाळ तिथून जवळ, आटपाडी-जतचा माळ फार लांब नाही.

तेव्हा असं करा. फ्लॅट विकू नका. मार्चमध्ये यजमान निवृत्त झाले, बंगळुरूचं बाळंतपण-बारसं उरकलं की भावांना फोन करा आणि ते घर एका वर्षासाठी मागा. फुकट नको, भाडं द्या. आणि दुरुस्तीचा खर्च तुमचा की त्यांचा हे आधीच कागदावर लिहून घ्या. गावठाणातल्या घरात राहायला शेतकरी असावं लागत नाही, ग्रामपंचायतीत घराचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, भावांच्या नावावर असला की झालं. १९९९ ची ती सही तुमच्या मनात अजून बोचत असेल, तर त्याबद्दल सांगलीतल्या एखाद्या वकिलाकडे बसून स्वतंत्र बोला. घराचं बोलणं आणि हिश्शाचं बोलणं एकाच फोनवर करू नका. भाऊ घाबरतील, घर मिळायचं नाही. आईचं किंवा वडिलांचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे का, हे मात्र बघून ठेवा. ते ऑनलाइन घरबसल्या दिसतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

राहायला जा ते जूनमध्येच. डिसेंबरात गाव सगळ्यांनाच आवडतं. पत्र्यावर पाऊस, वीज गेलेली, गल्लीत चिखल आणि संध्याकाळी सातनंतर बोलायला कुणी नाही, अशा जूनमध्ये घर उघडलंत तर दिवाळीपर्यंत तुमचं तुम्हाला कळेल. गावात शांतता असते ही समजूतही बरोबर घेऊन जाऊ नका. छाटणीनंतर द्राक्षबागांत पहाटेपासून औषध फवारणीचे ब्लोअर घरघरतात, देवळाचा कर्णा काकड्याला सुरू होतो, आणि शेतपंपाच्या मोटारीची लाइट रात्रीची असेल तर माणसंही रात्रभर बॅटऱ्या घेऊन बांधावर. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याच्या शेडवर बायकांची निवडणीची रांग बसते. तिथं जाऊन बसा, हातात विणकाम घेऊन. तीन दिवसांत चौघी जणी विचारतील, "बाई, आमाला शिकवाल का?" माझ्या अनुभवात मेंढीपेक्षा हे जास्त टिकतं. माणमध्ये मी शिकवलेल्या एका मुलीनं परवा तिच्या मुलीच्या मोज्यांचा फोटो पाठवला, टाच माझ्यापेक्षा चांगली वळवली होती.

मेंढ्यांचं काय? पाळू नका, बसवा. म्हणजे भावांची परवानगी असेल तर त्यांच्याच रानात एखादा वाडा चार रात्री बसवून घ्या. मोबदला ठरवा, वर ज्वारी द्या, चहा पाजा, लहान पोरं असतील तर त्यांच्यासाठी चार टोप्या विणून ठेवा. कातरणी कधी हे विचारा. त्या दिवशी जा आणि लोकर विकत घ्या. पैसे देऊन, ते नको म्हणाले तरी. दोन-तीन किलो काळी, जमली तर थोडी करडी. मग माझ्यासारख्या नऊ दुपारी कुसळं वेचा. हा वेळ मी वाया गेला असं मानत नाही, फक्त तो करायच्या आधी फ्लॅट विकलेला नसावा. त्या जाड सुताला तुमच्या दहा नंबरच्या सुया चालणार नाहीत, दोन नंबरच्या जाड घ्या, आणि आसन विणा, बाजाराची पिशवी विणा, पायपुसणं विणा. राठपणा तिथं गुणच ठरतो. नीट शिकायचंच असेल तर पुण्याला गोखलेनगरात पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं कार्यालय आहे, आणि तुमच्या माहेराजवळ रांजणीला त्यांचं प्रक्षेत्र, म्हणजे मेंढ्यांचं फार्म. तिथं जाऊन एक दिवस नुसतं बघा, मेंढीचे खूर, दात, लेंड्या. व्हिडिओत हे दाखवत नाहीत. वर्ष सरल्यावरही मेंढी हवीच असं वाटलं तर दोन घ्या, लस टोचून.

शेवटचं यजमानांबद्दल. तुमच्या पत्रात ते एकदाच बोलले, एका वाक्यापुरते: "तुझी हौस आहे तर कर." आमच्या घरीही हे वाक्य होतं. मी ते संमती म्हणून घेतलं आणि दीड वर्षानं कळलं की ती शरणागती होती. त्या माणसानं माणमध्ये एकदाही तक्रार केली नाही, पण रोज संध्याकाळी साडेसहाला तो एसटीच्या फाट्यावर जाऊन उभा राहायचा. गाडी बघायला, म्हणायचा. तुमचे यजमान पस्तीस वर्षं ठरलेल्या लोकलनं गेले असतील. मार्चनंतर साडेसहाला त्यांना कुठं उभं राहायचंय, हे तुम्ही विचारलंय का? त्यांना बागेचा नाद आहे, की पत्त्यांचा कट्टा सोडवणार नाही? सासरे गिरणीतले, म्हणजे त्यांच्या घराण्यात सुताची माहिती तुमच्याहून जुनी. टकळी फिरवायला त्यांना बसवून तर बघा. धाग्याचा पीळ सुटला की गिरणीतल्या घरचा माणूस गप्प बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

बहिणीला सांगा, डोक्यावर परिणाम वगैरे काही नाही, फक्त गाव चुकलं होतं.

धागा जाळून बघितलात की राख राहिली की मणी, ते कळवा. आणि पुढच्या पत्रात दोन ओळी यजमानांच्या हाताच्या असू द्या, तुम्ही सांगितलेल्या नकोत, त्यांना सुचलेल्या.